खवले मोजून ओळख

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत माल हलवायला काढला की भिंतीच्या कडेला, थप्पीच्या तळाशी, बऱ्याचदा सापाची कात निघते. मग वाद सुरू होतो. कुणी म्हणतं नागाची, कुणी म्हणतं धामणीची. वाद लांबीवरून चालतो, आणि लांबी हा कातीतला सगळ्यात कच्चा पुरावा. अंगावरून उतरताना कात ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा लांबच भरते. रंगही तिच्यात फारसा उरत नाही. खवल्यांची मांडणी मात्र तंतोतंत राहते. नाग की धामण, याचा निकाल वखारीच्या दारातच, उजेडात, साध्या भिंगाने लागू शकतो. साप समोर असण्याची गरज नाही, त्याला मारण्याची तर नाहीच नाही.

*

कॉलेजात ‘डायकॉटॉमस की’ म्हणून जी शिकवतात, तिला मी नुसतं किल्ली म्हणतो. एका वेळी एक प्रश्न. त्याची दोनच उत्तरं. प्रत्येक उत्तरापुढे एक तर प्राण्याचं नाव, नाही तर पुढच्या प्रश्नाचा क्रमांक. बस, एवढंच. प्रश्न नीट बेतलेले असतील आणि दर वेळी उरलेल्यांतले निम्मे गळत असतील, तर दहा प्रश्नांत हजारावर प्राणी वेगळे करता येतात.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरली लामार्कने, १७७८ साली, फ्रान्सच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात. लामार्क म्हटलं की आपल्याला शाळेतली जिराफाची मान आठवते. त्याचं हे काम कुणी सांगत नाही, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. ज्याला वनस्पतिशास्त्राचं काही ठाऊक नाही त्यालाही रोपाचं नाव शोधता आलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. विद्वानाच्या डोक्यातली ओळख त्याने कागदावर उतरवली आणि वाचता येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती दिली.

*

कात वाचायची कशी?

आधी लक्षात घ्यायचं की ती उलटी झालेली असते. साप ओठांपासून सोलायला सुरुवात करतो आणि पुढे सरकत बाहेर पडतो, म्हणून आतली बाजू वर येते. डोक्याचा भाग शाबूत असेल तर नशीब. डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यासुद्धा त्यात दिसतात, कारण सापाला पापण्या नसतात आणि ते आवरणही कातीबरोबर निघतं. काडीने हलक्या हाताने कात सरळ करायची, कोरडी असेल तर थोडं पाणी शिंपडायचं.

मग मध्यभागी, डोकं आणि शेपटीच्या साधारण मधोमध, पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा मोजायच्या. पोटाच्या रुंद पट्टीला लागून जो पहिला खवला आहे तिथून सुरुवात. तिरकं वर चढत जायचं, पाठीच्या कण्यावरून पलीकडे उतरायचं आणि दुसऱ्या बाजूला पोटाच्या पट्टीला टेकलं की थांबायचं. पोटाची पट्टी धरायची नाही. धामणीत हा आकडा सहसा १७ येतो. नागात २१ ते २५. ताणाने कात कितीही लांबो, रांगा वाढत नाहीत.

आकड्याचा भरवसा वाटत नसेल तर ओठ पाहा. नागाच्या वरच्या ओठावरचा तिसरा खवला मोठा असतो. तो पुढे नाकपुडीच्या खवल्याला टेकतो आणि मागे डोळ्याला. धामणीत असं होत नाही, कारण नाक आणि डोळा यांच्यामध्ये आणखी लहान खवले असतात. नागाच्या खालच्या ओठावर चौथ्या आणि पाचव्या खवल्यांच्या मध्ये एक बारीक पाचरीसारखा खवला असतो, तोही पाहून ठेवावा. तीन खुणांनी एकच नाव दिलं की वाद संपला.

*

सापांच्या किल्लीचा पूर्ण रस्ता एकदा लिहून काढतो. प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो असतो, परीक्षेनंतर कुणी उघडून पाहत नाही.

शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी, वल्ह्यासारखी? मग समुद्री साप, विषारी. आपल्या भागात हा प्रश्न लगेच ओलांडता येतो. शेपटी गोल असेल तर पोट पाहायचं. पोटावरचे खवले पाठीसारखेच बारीक असतील, किंवा पोटाची पूर्ण रुंदी व्यापत नसतील, तर साप बिनविषारी: वाळा, मांडूळ, डुरक्या घोणस, अजगर. पोटावर या कडेपासून त्या कडेपर्यंत रुंद पट्ट्या असतील तर पुढे.

आता डोकं. डोक्यावर सगळे बारीक खवले असतील तर घोणसांच्या कुळातला, विषारी. नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये खळगा असेल तर चापडा किंवा त्याचे भाऊबंद. खळगा नसेल तर शेपटीची खालची बाजू पाहा: पट्ट्या दुभागलेल्या असतील तर घोणस, अखंड असतील तर फुरसे. डोक्यावर मोठे ढालीसारखे खवले असतील तर तिसरा ओठ-खवला तपासायचा, तो नाकाला आणि डोळ्याला टेकला की नाग किंवा पोवळा साप. तो तसा नसेल तर पाठीच्या कण्यावरची रांग पाहायची. मधले खवले बाकीच्यांपेक्षा मोठे, षटकोनी, आणि शेपटीखालच्या पट्ट्या अखंड: मण्यार. यातलं काहीच नसेल तर बिनविषारी.

शेवटच्या पायरीत दोन्ही अटी एकत्र हव्यात. मांजऱ्या सापाच्या कण्यावरचे खवलेही मोठे असतात, रुका सापाचेही. पण त्यांच्या शेपटीखालच्या पट्ट्या दुभागलेल्या असतात. पाठ्यपुस्तकं ही दुसरी अट बऱ्याचदा गाळतात आणि मग मुलं झाडावरच्या निरुपद्रवी सापाला मण्यार ठरवतात.

*

या रस्त्याचा बराचसा भाग डॉक्टरांनी आखला. फ्रँक वॉल हे भारतातल्या सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. त्यांचं विषारी साप ओळखण्याचं पुस्तक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने काढलं. माल्कम स्मिथ सयामच्या राजदरबारातले डॉक्टर. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतला त्यांचा सापांचा खंड १९४३ चा, आणि आजही सर्पतज्ज्ञाच्या टेबलावर तो असतोच. पुढे हाफकिन संस्थेचे पी. जे. देवरस यांनी १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतातल्या सापांवर पुस्तक लिहिलं. मराठी घरांत साप हा विषय नेला तो पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी.

*

मण्यार आणि बिनविषारी कवड्या. आमच्या भागातला सगळ्यात महागात पडणारा घोटाळा हाच. दोन्ही रात्रीचे, दोघांच्या अंगावर पांढरट पट्टे, दोघेही घरात शिरतात.

पट्ट्यांवरून सांगायचं तर: मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होणारे आणि शेपटीकडे ठळक होत जाणारे. कवड्याचे मानेजवळच ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. साप वाचवण्याच्या कामात हे लांबूनच पाहता येतं, म्हणून ते उपयोगी आहे. पण त्यावर जीव टांगू नये. जुन्या मण्यारीत पुढचे पट्टे पुसट होतात, काहींत तर जवळजवळ नाहीसेच. मेलेला साप किंवा कात असेल तर खवलेच पाहावेत. मण्यारीत मधल्या अंगाला १५ रांगा, कण्यावरची रांग मोठी षटकोनी. कवड्यात १७, आणि कण्यावरचे खवले बाकीच्यांसारखेच.

रंग बदलतो. वय, ऊन, कात टाकण्याचे दिवस, सगळ्याने बदलतो. खवल्यांची संख्या साप जन्मतःच घेऊन येतो आणि मरेपर्यंत तीच ठेवतो. किल्लीत संख्येला मान का, हे एवढ्यावरून कळावं.

*

घोणस आणि डुरक्या घोणस. पाहिल्यावर दोन्ही जाड, आखूड, डागाळलेले. घोणसीच्या पाठीवर गोल डागांच्या तीन साखळ्या, डोकं मानेपेक्षा स्पष्ट रुंद, आणि चिडली की फूत्कार असा की घरातल्या कुकरची शिटी वाटावी. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, डोकं मानेतच मिसळलेलं, पोटाच्या पट्ट्या अरुंद. बिचारा डुरक्या केवळ या साम्यापायी काठीखाली येतो.

मांजऱ्या आणि फुरसे यांचंही तेच. दोघांची बाहुली उभी, दोघांच्या अंगावर नक्षी. फुरशाच्या डोक्यावर बारीक खवले, मांजऱ्याच्या डोक्यावर मोठे. फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढतं, कारण कुशीवरच्या तिरप्या खवल्यांना दाते असतात.

*

आमच्याकडे एकाच बांधावर दोन नावं चालतात. मराठी माणूस धामण म्हणतो, शेजारचा कन्नड माणूस केरे हावू. कागल ओलांडलं की बोली आणखी बदलते, खानापूरच्या रानात कोकणी नावं येतात. दवाखान्यात नातेवाईक नाव सांगतात, डॉक्टर तिसऱ्याच भाषेत शिकलेले असतात. ‘डोक्यावर बारीक खवले, शेपटीखाली दुभागलेल्या पट्ट्या’ हे वर्णन मात्र चिक्कोडीत आणि चंदगडात एकच राहतं. सीमाभागात किल्लीचं मोल म्हणूनच जास्त.

*

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण यात गल्लत झाली तर माणूस जातो. साप चावल्यावर ओळख पटवत बसायचं नाही.

भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकत्र काम करते. साप कोणता हे नक्की कळलं नाही तरी उपचार थांबत नाही. साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ जातो आणि बऱ्याचदा दुसरा माणूसही चावून घेतो. मेलेल्या सापाच्या डोक्याचाही चावा लागू शकतो.

डॉक्टरांची स्वतःची किल्ली असते आणि ती माणसाच्या अंगावर वाचली जाते. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी एकदा आडवी करायची. रक्त गोठलं का? नसेल तर घोणस किंवा फुरसे. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या का? मग नाग किंवा मण्यार. चाव्याच्या जागी सूज आहे? नागाकडे बोट. सूज जवळजवळ नाही, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखायला लागलं, चावल्याचं कळलंसुद्धा नाही? मण्यारीकडे. ऊसतोड कामगारांच्या खोपीत असं होतं. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी यांनी यातले कितीतरी चावे टळतील.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. खानापूर, चोर्ला, आंबोलीच्या रानातल्या चापड्यांचं विष या लसीच्या चौघांत नाही. तिथे लांबून, सुरक्षित अंतरावरून काढलेला सापाचा एक फोटो डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडतो.

*

आकडे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. बहुतेक खेड्यातली, शेतातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, आणि पुढच्याच महिन्यात केंद्राने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. नोंद सक्तीची झाली हे उत्तम झालं. आता नोंदीत ‘साप: अज्ञात’ हा शेरा जितका कमी पडेल तितकं पुढच्या उपचाराचं नियोजन नेमकं होईल, आणि त्यासाठी गावात किल्ली वाचणारी माणसं हवीत.

*

चांगला प्रश्न कसा असतो? दोन्ही उत्तरं स्पष्ट असावीत. ‘शेपटीखालच्या पट्ट्या अखंड / शेपटीखालच्या पट्ट्या दुभागलेल्या.’ वाईट प्रश्न: ‘आकाराने मोठा / आकाराने लहान.’ कशापेक्षा मोठा? शेजारी दुसरा प्राणी ठेवल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणखी वाईट: ‘तांबूस / तांबूस नाही.’ दुसऱ्या बाजूने काहीच सांगितलेलं नसतं, फक्त नकार.

आणि पहिल्याच दुफाट्यावर चुकलात तर पुढचे सगळे प्रश्न प्रामाणिकपणे सोडवूनही खोटं नावच हाती येतं. किल्ली कुरकुर करत नाही. ती शेवटी कुठलं तरी नाव देतेच. म्हणून नाव आल्यावर थांबायचं नाही, त्या प्राण्याचं पूर्ण वर्णन काढून पडताळायचं.

*

खानापूर तालुका. पहिल्या जोरदार पावसात कुदळ मारली की मातीतून गांडुळासारखं काहीतरी वळवळत निघतं. तीन शक्यता: गांडूळ, वाळा, देवगांडूळ. पहिल्या दोन गोष्टी गावाला ठाऊक असतात, तिसरी क्वचितच.

अंगावर चकचकीत, गुळगुळीत खवले, जीभ बाहेर काढतो: वाळा. हा साप आहे, बिनविषारी, आणि त्यातला नेहमी दिसणारा प्रकार सगळ्या माद्यांचाच, नराशिवाय पिल्लं होतात. बाहेरून खवले नाहीत, अंगभर कड्या: मग तोंड पाहा. जबडा नाही, दात नाहीत, अंगाच्या पुढच्या भागात एक जाड पट्टा: गांडूळ. जबडा आहे, बारीक दात आहेत, नाक आणि डोळ्याच्या मध्ये एक सूक्ष्म स्पर्शिका: देवगांडूळ. हा बेडकाचा नातलग, पाय नसलेला उभयचर.

देवगांडुळांत पुढे जायचं तर परत दुफाटा. डोळा बाहेरून दिसतो, शेवटाला अगदी आखूड शेपटी: इक्थिओफिस. डोळा कवटीच्या हाडाखाली दडलेला, शेपटीच नाही: गेजिनिओफिस. आणि मग कड्या मोजायच्या, मुख्य किती, मधल्या किती, त्या कुठून सुरू होतात. या एका वंशातले कितीतरी नवे प्रकार आपल्याच घाटांत सापडले. ‘डॅनिएली’ आंबोलीहून, २००३. ‘म्हादेइएन्सिस’ चोर्ल्याहून, २००७, म्हादईच्या नावाने. त्याच वर्षी ‘गोआएन्सिस’ गोव्यातून. नुसत्या नजरेला हे सगळे एकसारखे. कड्या मोजणाऱ्यांनी ते वेगळे काढले.

शेतकरी देवगांडुळाला विषारी समजून चेचतात. ते बिनविषारी आहे आणि मातीतच जगतं, एवढं तरी प्रत्येक तलाठी, प्रत्येक कृषी सहायकाने सांगावं.

*

बारापेडे. खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या या गुहेचं नाव जगभरच्या वटवाघूळ-अभ्यासकांना माहीत आहे आणि बेळगावच्या शाळकरी मुलांना नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

वटवाघळांची किल्ली अशी. डोळे मोठे, पंखाच्या दुसऱ्या बोटालाही नखी: फळं खाणारी. डोळे बारीक, दुसऱ्या बोटाला नखी नाही: कीटक खाणारी. त्यांत नाकावर पानासारखी घडी आहे की नाही. नसेल तर शेपटी. ती पडद्यात पूर्ण अडकलेली, की पडद्याच्या वरच्या अंगाने बाहेर आलेली, की पडद्याच्या कडेपलीकडे जाड, मोकळी सुटलेली? शेवटच्या गटात कान पाहायचे. खूप मोठे, पुढे नाकाच्या टोकापलीकडे जाणारे, मधोमध जोडलेले: ओटोमॉप्स रॉटनी.

ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं वर्णन १९१३ साली केलं आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीला जोर देणाऱ्या रॉटन यांचं नाव त्याला दिलं. विसावं शतक सरेपर्यंत हे वटवाघूळ जगात फक्त बारापेडेतच माहीत होतं. मग मेघालयात आणि कंबोडियात त्याच्या नोंदी झाल्या. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, त्याला जागा आहे. डिसेंबर २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, त्यामागे या गुहेचंही कारण होतं. तिथे टॉर्च घेऊन, गोंगाट करत सहल नेऊ नका. विश्रांती मोडली की वटवाघळं जागा सोडतात.

*

डास. अ‍ॅनॉफिलिस ओळखणं सोपं: भिंतीवर बसला की अंग तिरपं, डोकं खाली, आणि मादीच्या तोंडाजवळचे दोन स्पर्शक सोंडेइतके लांब. पण अ‍ॅनॉफिलिसमधला प्रत्येक प्रकार हिवताप पसरवत नाही. कोणता पसरवतो हे पंखांच्या शिरांवरच्या काळ्या-पांढऱ्या खवल्यांच्या ठिपक्यांवरून ठरवतात. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतला क्रिस्टोफर्स यांचा १९३३ चा खंड यासाठीच. १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या उत्तर कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली डीडीटी फवारणीची मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हा भिंतीवरून डास पकडून एकेकाचा पंख भिंगाखाली पाहणारी माणसं तिच्या पाठीशी होती. मलनाडच्या ओढ्यांत वाढणारा फ्लुव्हिएटिलिस आणि मैदानातला क्युलिसिफेसीस वेगळे ओळखल्याशिवाय फवारणी कुठे आणि केव्हा, हे ठरतच नाही.

इथे किल्लीची हद्दही दिसते. क्युलिसिफेसीस हा एक नाही, दिसायला सारख्या पाच भावंडांचा गट आहे. त्यातलं ‘बी’ हे हिवताप फारसं पसरवत नाही. पंख पाहून त्यांतलं कोण ते कळत नाही, गुणसूत्रं किंवा डीएनए पाहावं लागतं.

*

विंचू. छातीखालची मधली ढाल त्रिकोणी असेल तर बुथिडी कुळ, पंचकोनी असेल तर दुसरं. आपला लाल विंचू पहिल्या गटात: नांग्या बारीक, शेपूट जाड. मोठी काळी इंगळी दुसऱ्यात: नांग्या जाड, शेपूट तुलनेने बारीक. भीती इंगळीची जास्त वाटते, धोका लाल विंचवाचा जास्त. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि कोकणातली कितीतरी मुलं वाचली. भारतातल्या विंचवांच्या किल्ल्या पाहायच्या तर टिकादार आणि बास्तवडे यांचा १९८३ चा ग्रंथ आहे.

*

आता मोबाइलवर फोटो टाकला की नाव येतं. चांगलंच आहे, घटप्रभेच्या धुपदाळ बंधाऱ्यावर हिवाळ्यात करकोचे पाहायला जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. पक्ष्यांना चित्रं पुरतात. सलीम अलींचं १९४१ चं पुस्तक चित्रांवरच उभं आहे. पण नावाबरोबर कारण मिळत नाही. विद्यार्थ्याने ‘कवड्या’ म्हटलं तर मी ‘कशावरून?’ विचारतो, आणि ‘मोबाइल म्हणाला’ हे उत्तर मी घेत नाही. १७ रांगा, कण्यावरचे खवले सारखे, शेपटीखालच्या पट्ट्या दुभागलेल्या: हे उत्तर उद्या नेटवर्क नसलेल्या रानातही त्याच्याजवळ असतं.

*

आपल्याला जी हवी ती किल्ली छापील मिळत नाही: आपल्या तालुक्यापुरती, आपल्या भाषांत. स्मिथच्या खंडात हिमालयापासून ब्रह्मदेशापर्यंतचे साप आहेत, त्यातले बहुतेक निपाणीत कधीच येणार नाहीत. गावात नेहमी दिसणारे साप मोजके, आणि मोजक्यांसाठी दोन पानं पुरतात.

ही दोन पानं कॉलेजांनी करावीत. देवचंद कॉलेजात निपाणीची मुलं शिकतात, आणि ते उभं आहे महाराष्ट्राच्या कागल तालुक्यातल्या अर्जुननगरात. दोन्ही राज्यांची पोरं एका बाकावर बसतात, दोन्ही भाषा येतात. बेळगावच्या विज्ञान कॉलेजांतही तेच. सुरुवात कातींपासून करावी. गावोगावच्या वखारी, गवताच्या गंज्या, विहिरींचे कठडे इथून काती गोळा कराव्यात, पुठ्ठ्यावर चिकटवाव्यात, गाव आणि महिना लिहावा, रांगा मोजाव्यात. जिवंत साप हाताळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि जिवावरही बेतू शकतं, कातीत जिवाचा धोका नाही. मग मराठीत आणि कन्नडमध्ये समोरासमोर प्रश्न लिहावेत, रेखाचित्रं काढावीत, ज्याला प्राणिशास्त्र येत नाही अशा माणसाकडून ते वाचून घ्यावेत. तो जिथे अडेल तो प्रश्न बदलावा. ग्रामपंचायतीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, साखर कारखान्याच्या गेटवर ती पानं लावावीत.

वाचणाऱ्याला विनंती एवढीच: या पावसाळ्यात घराजवळ कात सापडली तर जाळू नका, जवळच्या शाळेत किंवा कॉलेजात नेऊन द्या. आणि चावा झालाच, तर किल्ली बाजूला ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका, बांधू नका, कापू नका, १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा.